उभा अक्ष कोण धरून ठेवतं?

व्हीएमसीच्या, म्हणजे उभ्या मशीनिंग सेंटरच्या, टेबलावर जॉब बांधताना ऑपरेटरचे दोन्ही हात कोपरापर्यंत स्पिंडलच्या खाली असतात. व्हाइसचा जबडा पुसायचा असो, डायल लावून जॉब सरळ करायचा असो किंवा फिक्स्चरच्या खाचेत अडकलेली चिप काढायची असो, वाकल्याशिवाय काम होत नाही, आणि वाकलं की डोकंही हेडखाली जातं. मध्यम आकाराच्या यंत्रात स्पिंडल, त्याची मोटर आणि हेडचं ओतीव लोखंड मिळून वजन सहज तीनशे किलोपर्यंत जातं. शिवाय खाली तोंड करून बसलेलं टूल असतं, धारदार. शिफ्टमध्ये कित्येकदा माणूस या वजनाखाली हात घालतो आणि काढतो. ते वजन वर कशाच्या जोरावर थांबलंय, हा प्रश्न मात्र शॉपमध्ये क्वचितच विचारला जातो. यंत्र नवं असतं तेव्हा तो कुणाला पडत नाही, आणि यंत्र जुनं होईपर्यंत सगळ्यांना सवय झालेली असते.

‘बॉल स्क्रूवर थांबलंय’ हे उत्तर बरेच जण देतात. ते जुन्या यंत्रांच्या आठवणीतून येतं. जुन्या मिलिंग मशिनचा नी, म्हणजे टेबल पेलणारा भाग, वर-खाली करणारा स्क्रू चौकोनी किंवा ट्रॅपेझॉइडल आट्यांचा असायचा. त्यात आटे आणि नट एकमेकांवर घासत, घर्षण एवढं असे की हँडल सोडलं तरी टेबल जिथल्या तिथे राही. वजनाने स्क्रू उलटा फिरत नसे. बॉल स्क्रूत घासणं नाही, गोळ्यांवर लोळणं आहे. त्याची कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास असते. मोटरने स्क्रू फिरवला की नट जितक्या सहज सरकतो, जवळपास तितक्याच सहजपणे नटावर वजन टाकलं की स्क्रू फिरतो. सीएनसी यंत्राची सगळी अचूकता आणि वेग या गुणावर उभे आहेत, आणि उभ्या अक्षातला धोकाही याच गुणातून येतो. बॉल स्क्रू वजन पेलतो, अडवत नाही.

यंत्र चालू असताना वजन अडवण्याचं काम सर्वो मोटर करते. हेड स्थिर दिसत असलं तरी मोटर स्वस्थ नसते. एन्कोडर सांगत असतो की अक्ष केसभर खाली गेला, ड्राइव्ह लगेच करंट वाढवतो, अक्ष पुन्हा जागेवर येतो. हे क्षणोक्षणी चालू असतं. आता लाइट गेली, कुणी इमर्जन्सी दाबली किंवा ड्राइव्हने ओव्हरकरंटचा अलार्म देऊन स्वतःला बंद केलं, की मोटरमधला टॉर्क संपतो. त्या क्षणी हेड आणि टेबल यांच्या मध्ये उरतो तो मोटरच्या आत बसवलेला एक छोटा ब्रेक. हा लेख त्याच्याविषयी आहे, कारण माझ्या मते यंत्रातल्या इतक्या लहान भागावर इतका मोठा आणि इतका न तपासलेला विश्वास दुसरीकडे कुठे टाकला जात नाही.

या ब्रेकची रचना उलट्या विचाराची आहे. वीज दिली की तो सुटतो, वीज गेली की लागतो. मोटरच्या शाफ्टवर स्प्लाइन असलेल्या हबवर घर्षणाची एक चकती बसवलेली असते. तिच्या एका बाजूला स्थिर प्लेट, दुसऱ्या बाजूला सरकणारी लोखंडी आर्मेचर प्लेट. आर्मेचरच्या मागे दाबलेल्या स्प्रिंगा असतात. त्या आर्मेचरला ढकलतात, चकती दोन प्लेटांमध्ये चिमटली जाते आणि शाफ्ट अडतो. आर्मेचरच्या मागेच एक कॉइल आहे. तिला २४ व्होल्ट डीसी मिळाले की चुंबकत्व तयार होतं, आर्मेचर स्प्रिंगांच्या विरुद्ध मागे ओढली जाते आणि चकती मोकळी होते. वायर तुटो, फ्यूज उडो किंवा अख्ख्या एमआयडीसीची लाइट जावो, स्प्रिंगला त्याचं काही नसतं. ती आपलं काम करते.

सर्वो मोटरमध्ये दुसरा प्रकारही भरपूर वापरला जातो: कायम चुंबकाचा ब्रेक. त्यात स्प्रिंगच्या जागी कायम चुंबक आर्मेचरला ओढून धरतो, आणि कॉइलचं चुंबकत्व या कायम चुंबकाला पुसून टाकतं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. कॉइलने चुंबकाला पुसायचं म्हणजे नेमकं तेवढंच पुसायचं. व्होल्टेज कमी पडलं तर ब्रेक पूर्ण सुटत नाही, आणि खूप जास्त झालं तर कॉइलचं स्वतःचंच चुंबकत्व आर्मेचरला परत ओढू लागतं. पोलॅरिटी उलटी झाली तर चुंबक पुसला जाण्याऐवजी जोरदार होतो. शिवाय मोटर तापली की चुंबकाची ताकद घटते. कॅटलॉगमधला टॉर्कचा आकडा गार मोटरचा आहे की तापलेल्या, हे बघूनच ब्रेक निवडला पाहिजे.

दोन्ही प्रकारांना ‘होल्डिंग ब्रेक’ म्हणतात आणि हे नाव अगदी शब्दशः घ्यायचं असतं. थांबलेल्याला धरून ठेवणं, एवढंच त्याचं काम. घाटात उभी केलेली गाडी आपण हँडब्रेकवर सोडतो, पण घाट उतरताना हँडब्रेकवर उतरत नाही; उभ्या अक्षाच्या ब्रेकचं तसंच आहे. हे का, ते आकड्यांत पाहिलं की पटतं. हिशेबापुरती एक रचना धरू. हेड ३०० किलो, बॉल स्क्रूची लीड १० मिमी, मोटर आणि स्क्रूचं मिळून जडत्व ०.०१५ किग्रॅ-मी², ब्रेकचा टॉर्क १३ न्यूटन-मीटर. हेडच्या वजनामुळे स्क्रूवर येणारा टॉर्क साधारण ४.७ न्यूटन-मीटर निघतो. म्हणजे धरून ठेवायला १३ चा ब्रेक भरपूर आहे, पावणेतीन पट.

आता हेड मिनिटाला २४ मीटरच्या रॅपिडने खाली येतंय आणि नेमकं त्याच वेळी मोटरचा टॉर्क गेला असं समजा. ब्रेकची वीज तुटल्यापासून तो प्रत्यक्ष लागेपर्यंत ६० मिलिसेकंद गेले, तर तेवढ्या वेळात हेड २४ मिमी खाली गेलेलं असतं. ब्रेक लागल्यावर त्याच्या १३ मधले चारएक न्यूटन-मीटर वजन पेलण्यातच खर्च होतात (४.७ मधला थोडा भाग स्क्रूचं घर्षणच खातं). फिरणारी मोटर आणि स्क्रू थांबवायला उरतात जेमतेम नऊ. हेड थांबेपर्यंत आणखी ९ सेंटीमीटर जातात. एकूण अकरा-बारा सेंटीमीटर, आणि तेवढ्या काळात चकतीत सातशेहून अधिक ज्यूल ऊर्जा उष्णता होऊन शिरते. हीच मोटर शाबूत असती आणि तिने ५० न्यूटन-मीटरच्या शिखर टॉर्कने स्वतःच थांबवलं असतं, तर हेड दोन सेंटीमीटरांच्या आत थांबलं असतं आणि ब्रेकला झळही लागली नसती.

म्हणूनच चांगल्या यंत्रात इमर्जन्सी दाबल्यावर वीज लगेच तोडत नाहीत. यंत्रांच्या विद्युत सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक, आयईसी ६०२०४-१, थांबण्याचे तीन प्रकार सांगतं. प्रकार ० मध्ये वीज तत्काळ तोडली जाते. प्रकार १ मध्ये आधी मोटर स्वतःच्या ताकदीने अक्ष थांबवते आणि मग वीज तुटते. प्रकार २ मध्ये थांबल्यावरही वीज कायम राहते. उभ्या अक्षासाठी प्रकार १ हाच शहाणपणाचा. मोटर थांबवते, ब्रेक धरतो. लाइट गेली तरी ड्राइव्हच्या कपॅसिटरांमध्ये थोडी ऊर्जा शिल्लक असते; बऱ्याच कंट्रोलरमध्ये ती वापरून अक्ष थांबवण्याची, काहींमध्ये तर टूल जॉबमध्ये घुसू नये म्हणून हेड काही मिलिमीटर वर उचलण्याची सोय असते. ही सोय यंत्रासोबत आपोआप चालू होऊन येईलच असं नाही. पॅरामीटर तपासायला हवा.

ब्रेक कधी लावायचा आणि मोटर कधी सोडायची, याचा क्रम हा या विषयाचा गाभा आहे. थांबताना आधी ब्रेकला लागण्याचा हुकूम द्यायचा, तो पूर्ण चिमटेपर्यंत मोटरने वजन धरून ठेवायचं आणि मगच मोटरचा टॉर्क सोडायचा. सुरू करताना आधी मोटरमध्ये टॉर्क भरायचा, मग ब्रेक सोडायचा, तो सुटायला लागणारा वेळ जाऊ द्यायचा आणि नंतरच हालचालीचा हुकूम द्यायचा. जवळजवळ प्रत्येक सर्वो ड्राइव्हमध्ये यासाठी ब्रेकचं स्वतंत्र आउटपुट आणि वेळेचे पॅरामीटर असतात. पण पॅनेल बनवताना कुणी ब्रेकची वायर थेट इमर्जन्सीच्या रिलेवर नेली, की मोटर आणि ब्रेक यांची वीज एकाच क्षणी तुटते आणि ब्रेक लागेपर्यंतच्या मधल्या वेळात हेड कुणाचंच नसतं.

हा मधला वेळ कमी-जास्त होण्यामागे आणखी एक बारीक कारण आहे, आणि ते पॅनेलमध्ये डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. कॉइलची वीज तोडली की तिच्यात साठलेली ऊर्जा उलटा, मोठ्या व्होल्टेजचा झटका देते. रिलेचे कॉन्टॅक्ट जळू नयेत म्हणून कॉइलला समांतर डायोड लावण्याची जुनी पद्धत आहे. डायोडमुळे झटका शमतो खरा, पण करंट डायोडमधून गोल फिरत राहतो, चुंबकत्व हळूहळू ओसरतं आणि आर्मेचर उशिरा सुटते. ६० मिलिसेकंदांत लागणारा ब्रेक २०० मिलिसेकंद घेऊ शकतो. वरच्या उदाहरणात स्थिर उभं असलेलं हेड ६० मिलिसेकंदांत पाऊण मिलिमीटर खाली येतं, २०० मध्ये आठ मिलिमीटरांच्या वर. वेळ तिप्पट झाला की अंतर दहापट होतं. डायोडऐवजी व्हॅरिस्टर किंवा झेनर लावला की करंट लवकर मरतो. होइस्टच्या गिअर मोटरांवरचे ब्रेक एसीवर, रेक्टिफायर लावून चालतात. तिथेही वीज एसीच्या बाजूला तोडली तर ब्रेक रेंगाळत लागतो, डीसीच्या बाजूला तोडली तर पटकन. होइस्टला डीसीच्या बाजूनेच तोडायची.

हेड किती खाली येतं, याबद्दल एक गैरसमज आहे, तोही इथेच सांगायला हवा. बॉल स्क्रूवरचं हेड दगडासारखं पडत नाही. त्याला पडताना मोटरचा रोटर आणि स्क्रू गरगरा फिरवावे लागतात, म्हणून सुरुवात संथ होते. आपल्या उदाहरणात त्वरण मुक्तपतनाच्या विसाव्या भागाहून थोडं कमी-जास्त. लोक हे संथ उतरणं पाहतात आणि त्यांना वाटतं, आलंच खाली तर हात काढायला वेळ मिळेल. पण एका सेकंदात ते वीस सेंटीमीटर उतरलेलं असतं आणि तीनशे किलोचं वजन कुठेही अडत नाही. मोठ्या लीडचा स्क्रू, बेल्टवर चालणारा उभा अक्ष किंवा रॅक-पिनियनची गँट्री असेल तर उतरणं याहून बरंच वेगवान असतं.

आता वायरिंगकडे. ब्रेकला २४ व्होल्ट हवेत, आणि ते मोटरच्या टर्मिनलवर हवेत, पॅनेलमध्ये नाही. हा फरक लहान वाटतो. ब्रेकची कॉइल एक अँपिअर घेते, केबल ४० मीटर लांब आहे आणि ब्रेकच्या वायरी ०.७५ चौ. मिमीच्या आहेत असं धरा. जाऊन-येऊन ८० मीटर तांब्याचा रोध १.९ ओहम, म्हणजे जवळपास दोन व्होल्ट वाटेतच गळाले. पॅनेलमध्ये मल्टिमीटर २४ दाखवतो, ब्रेकला मिळतात २२. वजा १० टक्क्यांची मर्यादा २१.६ ची. त्याच पॉवर सप्लायवर सोलेनॉइड वाल्व्ह आणि दिवे टाकले असतील आणि तो दुपारच्या उकाड्यात २३ वर आला असेल, की ब्रेकला मिळतात २१. ब्रेक सुटतो, पण पूर्ण सुटत नाही. चकती प्लेटला हलकीशी घासत राहते. यंत्र चालतंय, उत्पादन निघतंय, कुणाची तक्रार नाही. फक्त उभ्या, म्हणजे झेड अक्षाच्या मोटरचा लोड मीटर नेहमीपेक्षा थोडा वर दिसतो आणि मोटर मागच्या बाजूने जास्त गरम लागते. चकती रोज थोडी झिजते, झिजेची भुकटी आत साठते. ज्या दिवशी लाइट जाते त्या दिवशी चिमटायला चकती उरलेली नसते. ब्रेकसाठी वेगळा पॉवर सप्लाय द्यावा आणि व्होल्टेज ब्रेक सुटलेला असताना मोटरच्या कनेक्टरपाशी मोजावं, असा माझा आग्रह याच कारणाने आहे.

वायरिंगमधला दुसरा धोका त्याच्या उलट बाजूचा: वीज तोडूनही ब्रेकपर्यंत पोहोचत राहणं. एकच रिले ब्रेकला वीज देत असेल आणि त्याचा कॉन्टॅक्ट वेल्ड होऊन चिकटला, तर इमर्जन्सी दाबली काय नि नाही काय, ब्रेक उघडाच. केबल ड्रॅग चेनमध्ये वर्षानुवर्षं वाकत असते. तिथे इन्सुलेशन झिजून ब्रेकची वायर शेजारच्या २४ व्होल्टच्या वायरीला टेकली, तरी तेच. म्हणून सुरक्षित रचनेत ब्रेकची वीज दोन ठिकाणी तोडतात, एकदा प्लस बाजूला आणि एकदा मायनस बाजूला, आणि दोन्ही कॉन्टॅक्ट खरोखर उघडले का याची फीडबॅकने खातरी करतात. ड्राइव्हच्या सुरक्षा कार्यांचं मानक, आयईसी ६१८००-५-२, यात ‘सेफ ब्रेक कंट्रोल’ म्हणून या कामाची व्याख्या आहे. त्याच मानकातलं ‘सेफ टॉर्क ऑफ’ आता बहुतेक नव्या ड्राइव्हमध्ये असतं. त्याच्या नावातल्या ‘सेफ’मुळे फसगत होते. सेफ टॉर्क ऑफ मोटरला टॉर्क निर्माण करू देत नाही, एवढीच हमी देतं. आडव्या अक्षाला ते पुरतं. उभ्या अक्षात मोटरचा टॉर्क काढून घेणं म्हणजे हेड सोडून देणं, आणि धरण्याची व्यवस्था वेगळी करावी लागते.

इतकं सगळं बरोबर असलं तरी एक प्रश्न राहतो: ब्रेक आज धरतोय का? इमर्जन्सी दाबल्यावर मोटरमधून ‘टक्’ असा आवाज येतो आणि मेंटेनन्सवाले त्यावर समाधान मानतात. हा आवाज आर्मेचर हलल्याचा आहे. चकतीवर तेलाचा थर असला तरी आर्मेचर हलते आणि टक् वाजतंच. झेडची मोटर कॉलमच्या माथ्यावर असते. कूलंटचा धूर वर जाऊन सैल कनेक्टरमधून आत शिरतो, गिअरबॉक्स असेल तर सीलमधून तेल झिरपतं, बेअरिंगचं ग्रीस पाझरतं. घर्षणाच्या पृष्ठभागाला तेलाचा थोडा स्पर्शही पुरतो. वारंवार चालत्या अक्षावर ब्रेक लागला असेल तर चकती चकचकीत, काचेसारखी होते आणि पकड कमी होते. उत्पादक किती आपत्कालीन थांबे आणि प्रत्येक थांब्याला किती ज्यूल चालतील हे छापतात. त्या थांब्यांची नोंद मात्र मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे.

धरतोय का हे कळण्याचा एकच मार्ग आहे: ताकद लावून बघणं. जर्मनीतील वैधानिक अपघात विमा संस्थांची शिखर संघटना, डीजीयूव्ही, हिने गुरुत्वाचा भार असलेल्या अक्षांवर एक मार्गदर्शक माहितीपत्रक काढलं आहे आणि युरोपातले यंत्रनिर्माते त्याचा आधार घेतात. ब्रेकची चाचणी भाराच्या टॉर्कच्या १.३ पटीने घ्यावी, हा त्यातला आकडा. पद्धत सोपी आहे. अक्ष सुरक्षित जागी आणायचा, खाली कुणी नाही याची खातरी करायची, ब्रेक लावायचा आणि मोटरला खालच्या दिशेने ढकलायला सांगायचं. वजन स्वतः ४.७ न्यूटन-मीटर लावतच असतं; मोटरने वरून १.४ ची भर घातली की ब्रेकवर ६.१ होतात. एन्कोडर पाहायचा. शाफ्ट ठरावीक मर्यादेपलीकडे सरकला तर चाचणी नापास, हेड खाली टेकवायचं आणि दार उघडायचं नाही. नव्या कंट्रोलरमध्ये ही चाचणी आपोआप घेता येते. जिथे माणूस वारंवार हात घालतो तिथे ती निदान शिफ्टला एकदा व्हावी.

ज्या जुन्या यंत्रात ही सोय नाही, तिथे निदान साधी परीक्षा तरी होऊ शकते. हेड टेबलापासून थोडंसं वर घ्यायचं, खाली लाकडाचा ठोकळा बोटभर अंतर सोडून ठेवायचा, हेडला डायल लावायचा, इमर्जन्सी दाबायची आणि दहा मिनिटं डायल बघायचा. लागताना काटा थोडा हलणारच, कारण ब्रेकच्या स्प्लाइनमध्ये खेळ असतो. पण त्यानंतरही काटा सरकत राहिला तर ब्रेक घसरतोय. यात एकपट भाराचीच परीक्षा होते, १.३ पटीची नाही, म्हणून पास झाल्यावर निर्धास्त होता येत नाही. नापास झालं तर मात्र उत्तर पक्कं असतं.

नव्या ब्रेकवरही आंधळा विश्वास नको. नव्या चकतीचा पृष्ठभाग अजून जुळलेला नसतो. महिनोन् महिने कपाटात पडलेल्या सुट्या मोटरच्या ब्रेकवर दमटपणाचा, गंजाचा थर येतो. कोकणपट्टीत आणि पावसाळ्यात हे जास्त. उत्पादकाने सांगितलेल्या वेगाने आणि तेवढ्याच वेळा ब्रेक घासून घ्यावा लागतो, त्यानंतर तो छापील टॉर्क देतो.

आता या विषयातल्या सर्वांत मोठ्या उणिवेकडे येऊ. ब्रेक कितीही चांगला असला तरी तो मोटरचा शाफ्ट धरतो. हेड धरत नाही. शाफ्ट आणि हेड यांच्या मध्ये कपलिंग आहे, कुठे टायमिंग बेल्ट आणि पुली आहे, बॉल स्क्रू, त्याची बेअरिंगं, नट आणि नटाचे बोल्ट आहेत. यातलं काहीही तुटलं किंवा सुटलं तर वर ब्रेक घट्ट लागलेला असतो आणि खाली हेड टेबलावर आलेलं असतं. बेल्ट तुटला तर मोटरच्या रोटरचं ओझंही सुटतं आणि हेड आणखी वेगाने येतं.

एलिशा ओटिसने १८५४ साली न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या प्रदर्शनात स्वतः उद्वाहकाच्या फळीवर उभं राहून दोर तोडायला लावला, ही गोष्ट पुष्कळांनी ऐकलेली असते. तिचं महत्त्व धाडसात जेवढं आहे त्याहून जास्त रचनेत आहे. ओटिसचा ब्रेक दोर गुंडाळणाऱ्या यंत्रापाशी नव्हता, फळीवरच होता. फळीच्या माथ्यावर गाडीच्या पाट्याची स्प्रिंग होती आणि दोर तिला जोडलेला होता. दोरात ताण असेपर्यंत स्प्रिंग वाकलेली राही. दोर तुटला की ती सरळ होई आणि तिची टोकं दोन्ही बाजूंच्या दातेरी पट्ट्यांत घुसत. वजन जिथे आहे तिथेच ते अडवायचं, मधल्या कुठल्याही दुव्यावर अवलंबून राहायचं नाही. आजच्या लिफ्टमध्येही वरच्या मोटरला ब्रेक असतोच, त्याच्या यांत्रिक भागांचेही दोन संच असतात, आणि तरीही केबिनच्या चौकटीवर रुळांना पकडणारं सुरक्षा साधन वेगळं बसवतात. लिफ्टमध्ये माणूस वजनाच्या आत असतो, व्हीएमसीत वजनाच्या खाली. व्हीएमसीबाबत आपण त्याहून कमी काटेकोर का असावं, याचं मला पटेल असं उत्तर मिळालेलं नाही.

भाराच्या बाजूला धरणारी साधनं बाजारात आहेत. लिनियर गाइडच्या रुळाला दोन्ही बाजूंनी चिमटणारे क्लॅम्प आहेत, हवेचा दाब गेला की स्प्रिंगने लागणारे. हेडसोबत चालणाऱ्या गोल दांड्याला पकडणारे क्लॅम्पही आहेत. त्यातल्या काहींची रचना अशी की वजन जितकं खाली ओढेल तितकी पकड घट्ट होते. प्रेस आणि मोठ्या गँट्री यंत्रांवर ती दिसतात. माणूस पूर्ण शरीराने, बराच वेळ आणि नेहमी ज्या अक्षाखाली जातो, तिथे मोटरच्या ब्रेकच्या जोडीला असं एक स्वतंत्र साधन असलंच पाहिजे. नवं यंत्र घेताना स्पिंडलचा वेग आणि टूल बदलण्याची सेकंदं विचारतोच, तर हेही विचारावं.

‘आमच्या मशिनला काउंटरवेट आहे’ म्हणून काही जण निश्चिंत असतात. कॉलमच्या मागे साखळीला लटकलेलं वजन किंवा नायट्रोजनचा सिलिंडर हेडचा बहुतेक भार उचलतो हे खरं. पण साखळी झिजते, तिची पिन निघते, गॅसचा दाब उतरतो, आणि मग ज्या छोट्या मोटरला आणि ब्रेकला थोडाच भार पेलायची सवय होती त्यांच्यावर सगळा येतो. आणखी एक उलटी गंमत: स्पिंडल दुरुस्तीला काढून पाठवला की हेड हलकं होतं आणि काउंटरवेट त्याला वर खेचतं. त्या वेळी धोका खाली नसतो, वर असतो.

उभा नसलेला अक्षही यात येतो. स्लँट बेडच्या टर्निंग सेंटरमध्ये टरेट ज्या एक्स अक्षावर बसतो तो ४५ अंशांत तिरका असेल, तर टरेटच्या वजनाचा सत्तर टक्के भाग त्याला खाली ओढतो. तिथेही मोटरला ब्रेक असतो आणि तिथेही वरचे सगळे नियम लागू पडतात. सहा अक्षांच्या रोबोमध्ये प्रत्येक सांध्याला ब्रेक आहे. ब्रेक सोडण्याचं बटण दाबलं की तो सांधा वजनाने खाली जातो, म्हणून बटण दाबण्याआधी हाताखाली आधार किंवा क्रेनचा पट्टा हवा.

अपघात उत्पादन चालू असतानाच होतात असं नाही, दुरुस्तीच्या वेळीही होतात. झेडची मोटर बदलण्याचंच घ्या. मोटर जळली, नवी आली, दोन बोल्ट आणि कपलिंगचा क्लॅम्प सैल केला की काम झालं असं वाटतं. खाली उभा असलेला हेल्पर विचारतो, “मामा, हेड खाली नाही ना येणार?” आणि वरून उत्तर येतं, “ब्रेक आहे रे तिला.” ब्रेक आहे, पण मोटरमध्ये, आणि मोटर आता निघणार आहे. कपलिंग सुटल्याक्षणी ब्रेक मोटरसोबत वर राहतो आणि हेड स्क्रूवर मोकळं होतं. जळलेल्या मोटरने हेड हलत नाही म्हणून कुणी बाहेरून बॅटरीचे २४ व्होल्ट देऊन ब्रेक सोडतो आणि हाताने स्क्रू फिरवू पाहतो, तेव्हाही नेमकं हेच घडतं.

म्हणून कपलिंगला पाना लावण्याआधी हेड टेकलेलं असलं पाहिजे. टेबलावर जाड सागवानी ठोकळा किंवा लोखंडी टेकू ठेवायचा. टूल काढून घ्यायचं. मोटर चालत असेल तर हँडव्हीलने हेड अलगद त्यावर उतरवायचं. नसेल तर खालून जॅकने टेकू हेडपर्यंत भिडवायचा आणि मगच पुढचं काम. टेकू स्पिंडलच्या नाकाला लावायचा नाही, बेअरिंगं जातात; हेडच्या ओतीव अंगाला लावायचा. काउंटरवेट असेल तर तेही साखळीसह बांधून घ्यायचं, म्हणजे हेड वरही जाणार नाही. मेन स्विच बंद करून त्याला कुलूप घालायचं आणि किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात ठेवायची. नवी मोटर बसली, कनेक्टर जोडला, की टेकू लगेच काढायचा नाही. आधी ब्रेकचं व्होल्टेज कनेक्टरपाशी मोजायचं, ड्राइव्हमधल्या ब्रेकच्या वेळा नव्या मोटरच्या कॅटलॉगशी जुळवायच्या, ब्रेक घासून घ्यायचा, टेकू बोटभर खाली सोडून १.३ पट भाराची चाचणी घ्यायची. झेडचा रेफरन्स पुन्हा लावण्याचं काम त्यानंतरचं. टेकू त्याच्याही नंतर काढायचा.